भीमराजची तोफ

पांढरकवड्यात तोफ येणार ही बातमी डोमाजीला अगदी शेवटी कळली. तशी ती त्याच्याच घरची बातमी म्हणायची. पण या गावात एखादी गोष्ट ठरली की ती आधी तहसिलीत फिरायची, मग कापसाच्या बाजारात, मग पानठेल्यावर, आणि वस्तीत पोचेपर्यंत तिला इतके हातपाय फुटलेले असायचे की मूळ धड ओळखू येऊ नये. डोमाजी जिनिंगमध्ये रुईच्या गाठी लोटत होता. मुकादमाने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि सांगितलं, तुझ्या पोराची तोफ येऊन राह्यली, पेढे काढ. डोमाजी त्याच्या तोंडाकडे बघतच राहिला. पोराला जाऊन दुसरी दिवाळी उलटली होती. आता त्याची तोफ कुठून आली?

दुपारच्या सुट्टीत त्याने चारचौघांना विचारून पाहिलं. एक म्हणाला, भीमराज हीच तोफ चालवायचा, म्हणून सरकारने आठवणीला दिली. दुसरा म्हणाला, छे, भीमराजने ती नुसत्या हाताने दुश्मनाकडून हिसकावली. तिसरा त्याहून शहाणा निघाला. म्हणाला, लढाईत पोरगा गेला की आईबापाला एकेक तोफ देतात, तुझ्या दारातच आणून ठेवतील बघ. डोमाजीने सगळ्यांना मान हलवली. सगळंच खरं वाटत होतं आणि कशावरच विश्वास बसत नव्हता. भीमराज पलटणीत शिपाई होता, त्याच्या खांद्यावर बंदूक असायची, एवढं त्याला माहीत होतं. सुट्टीवर आला तेव्हा तोफेचं नावही त्याने काढलं नव्हतं.

घरी आल्यावर त्याने रुखमाबाईला सांगितलं, तेही चाचरत. रुखमाबाईपुढे भीमराजचा विषय काढायचा म्हणजे डोमाजीला धास्तीच वाटायची. पासष्टच्या लढाईत तार आली, पंजाबच्या सरहद्दीवर पोरगा कामी आला, अग्नीही तिकडेच दिला. वस्तीतल्या लोकांनी गेलेल्याच्या पुण्यानुमोदनाचा विधी करायचं ठरवलं, यवतमाळहून भंतेजींना बोलावलं. रुखमाबाईने भंतेजींना दारातूनच हात जोडले आणि परत पाठवलं. म्हणाली, म्या त्याले पाह्यलं नाई, न पाह्यलेल्या माणसाचं कायचं पुण्यानुमोदन करता? रडली तर नाहीच. तेव्हापासून ती कामाला जायची, स्वयंपाक करायची, शेजारणीशी भांडायची, सगळं पूर्वीसारखं. फक्त भीमराजबद्दल कोणी ‘होता’ म्हणालं की उठून जायची.

तोफेची बातमी ऐकल्यावर तिने हातातलं पीठ परातीत झटकलं आणि पहिल्यांदाच नवऱ्याकडे नीट वळून पाहिलं.

“तोफ येऊन राह्यली म्हन्ता? मंग तो मागून येईन. शिपाई आपलं हत्यार सोडून राहते काय कुठं?”

तिचं चुकतंय हे डोमाजीला कळत होतं, पण नेमकं कुठे चुकतंय ते दाखवता येत नव्हतं. तो ओसरीवर जाऊन बसला. त्या दिवसापासून रुखमाबाई अंगण जास्तच झाडायला लागली.

दोन-चार दिवसांनी घनश्यामशेठ वस्तीत आला. हा सरकीचा व्यापारी, स्मारक समितीचा अध्यक्ष, धोतर असं पांढरं की बघणाऱ्याने डोळे बारीक करावेत. त्याच्या घराण्याचा आणि डोमाजीचा जुना संबंध होता, पण त्या संबंधाबद्दल दोघेही बोलत नसत. छप्पनच्या दसऱ्याला वस्तीतली माणसं नागपूरला गेली, पांढरे कपडे घालून बौद्ध होऊन परत आली आणि घरातले देव नाल्यात सोडले. देवांचं सोपं गेलं, ते काही तक्रार करत नव्हते. अवघड गेलं ते दोराचं. गावात ढोर मेलं की ते ओढून न्यायचं काम वस्तीकडे, आणि ओढायचा जाड दोर डोमाजीच्या खुंटीला, त्याच्या बापाच्या हातचा. नागपूरहून आल्यावर डोमाजीने तो दोर अंगणात आणून पेटवला. पेटेना, तेव्हा भीमराजने घरातलं घासलेट त्यावर उपडं केलं. पुढे थोड्याच दिवसांत घनश्यामशेठच्या बापाचा बैल बाजारात मरून पडला. बोलावणं आलं, कोणी गेलं नाही. बैल फुगला, बाजार नाक धरून चालू लागला. मग गिरणीवाल्याने वस्तीचं दळण बंद केलं, शेतावरची कामं बंद झाली. डोमाजीच्या घरात ज्वारी उकडून खायची पाळी आली. शेवटी शेठने बाहेरगावची माणसं आणून बैल हलवला, पण वस्तीने दोराला हात लावला नाही.

पलटणीत जायला निघाला तेव्हा भीमराज बापाला एकच गोष्ट सांगून गेला होता. बाबा, पुढे कोणी कितीही गोड बोललं तरी तो दोर पुन्हा हातात घ्यायचा नाही. डोमाजीने हो म्हटलं होतं. मेलेल्या पोराला दिलेला तो एकच शब्द त्याच्याजवळ उरला होता.

तर असा हा घनश्यामशेठ त्या दिवशी डोमाजीच्या बाजेवर येऊन बसला. तार आल्यापासून तो डोमाजीला ‘डोमा’ न म्हणता ‘डोमाजी’ म्हणू लागला होता, आणि दर वेळी ‘जी’च्या आधी किंचित थांबायचा. रुखमाबाईने चहा दिला. शेठने कप घेतला, जरा थंड होऊ दे म्हणून बाजेखाली ठेवला, आणि बोलत राहिला. तहसिलीसमोरच्या चौकात चबुतरा बांधून तयार आहे. तोफेखाली संगमरवरी पाटी लागेल, तिच्यावर भीमराजचं नाव. सव्वीस जानेवारीला साहेब लोकांसमोर उद्घाटन, हार डोमाजीच्याच हातून घालायचा. तोफ त्या दिवशी चबुतऱ्यावर नसली तर मात्र पंचाईत आहे, कारण शेजारच्या तालुक्याचीही तिच्यावर नजर आहे, आणि ती तिकडे गेली तर नावही तिकडच्याच कुणाचं लागेल. तोफेचं तोंड कोणीकडे करायचं यावरही समितीत दोन बैठका झाल्या होत्या. दुश्मनाकडे करावं तर ते बरोबर तहसीलदारांच्या खिडकीत जात होतं आणि साहेबांना ते पसंत नव्हतं. देवळाकडे करता येत नव्हतं, शाळेकडे शोभत नव्हतं. अखेर कापसाच्या बाजाराकडे करायचं ठरलं, तिथे रविवारी कोणी नसतं म्हणून.

डोमाजीला विचारायचं होतं की भीमराजचा आणि या तोफेचा संबंध काय. पण शेठ भीमराजने तोफ कशी काबीज केली ते अशा तपशिलाने सांगत होता, जणू तो मागेच उभा होता. डोमाजी ऐकत राहिला. शेठ निघून गेल्यावर रुखमाबाईने बाजेखालचा कप उचलला. चहा तसाच होता, वर साय धरलेली. तिने तो मोरीत ओतला.

तोफ चोवीस तारखेला आली. नागपूरहून निघालेल्या एका ट्रकने ती हैदराबादच्या सडकेवर नाक्याजवळ उतरवून दिली आणि ट्रक घाईने पुढे निघून गेला, त्याला आणखी माल पोचवायचा होता. सोबत लष्कराचा एक माणूस होता, लखीराम नावाचा नाईक, दूर उत्तरेकडचा. चबुतऱ्यावर तोफ चढली की सही घेऊन परत जायचं, एवढंच त्याचं काम.

गाव लोटलं होतं, बायांच्या घोळक्यात रुखमाबाईही होती. डोमाजी गर्दीच्या कडेने पुढे सरकला. तोफ त्याला वाटली होती त्यापेक्षा लहान होती. हिरवा रंग जागोजाग उडालेला, पुढे ढालीसारखा पत्रा, त्याला एका बाजूने पोचे, दोन रबरी चाकं आणि मागे जमिनीला टेकलेली लांब लोखंडी शेपटी. लोक तिला हात लावत होते. कोणीतरी एवढ्यातच नळीला कुंकू फासलं होतं. डोमाजीनेही हात पुढे केला आणि मध्येच थांबला. पोराचा हात जिथे लागला असेल तिथे आपला हात लावावा असं त्याच्या मनात होतं. पण तो कुठे लागला असेल?

त्याने लखीरामला बाजूला घेतलं. मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं की माझा पोरगा त्या लढाईत गेला, ही तोफ त्याची आहे असं लोक म्हणतात, ती तो चालवत होता काय? लखीरामने आधी टाचा जुळवून सलाम केला. मग अवघडल्यासारखा तोफेकडे बघत म्हणाला, “बाबा, ये हमारी नहीं है. ये उनकी है. दुश्मन की.”

डोमाजीला वाटलं, आपल्याला हिंदी नीट कळली नाही. त्याने पुन्हा विचारलं. लखीरामने पुन्हा तेच सांगितलं, जरा हळू. लढाईत पकडलेली तोफ आहे, पकडणारे कोण ते त्यालाही ठाऊक नव्हतं. अशाच तोफा आपल्याकडेही आहेत, हुबेहूब याच, दोन्हीकडच्या विलायतेत बनलेल्या.

“मग दुश्मनाची हे कशावरून?” डोमाजीने विचारलं.

लखीरामने पत्र्यावरची एक खूण दाखवली, अर्धी खरवडलेली. आणि म्हणाला, बाकी फरक एवढाच की हिचं तोंड आपल्याकडे होतं.

तोंड आपल्याकडे होतं. म्हणजे भीमराजकडे होतं. म्हणजे हीच? डोमाजीने ते विचारलं नाही. विचारलं असतं तरी लखीरामला काय सांगता येणार होतं. ज्याने आपला माणूस मारला त्याचं हत्यार आपण गावाच्या मधोमध मांडायचं, हार घालायचा, वर कुंकू लावायचं, आणि खाली आपल्याच पोराचं नाव? ही कुठली रीत? गर्दीत घनश्यामशेठचा आवाज ऐकू आला, तो कुणाला तरी भीमराजचा पराक्रम सांगत होता. डोमाजीला शेठचा राग यायला हवा होता, तोही येईना. तोफेचा राग यावा, तर ती बापडी शेपटी टेकून उभी होती, तिच्या ढालीवर दोन चिमण्या येऊन बसल्या होत्या.

रुखमाबाईला हे कसं सांगायचं? त्याने काहीच सांगितलं नाही.

पंचवीस तारखेला तोफ चौकात न्यायची होती. खेमसिंग बैलजोड्या घेऊन आला. हा तांड्यावरचा शेतकरी, डोमाजीच्या वयाचा. त्याच्या वाडवडिलांनी बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून सगळा मुलूख पालथा घातलेला, त्यामुळे गावात काही जड हलवायचं झालं की त्याच्याच नावाने पुकारा व्हायचा. सडकेवर तोफ झकास चालली. पोरं मागे पळत होती, ‘भारत माता की जय’चा गजर चालला होता. पण तहसिलीकडच्या वळणावर नळासाठी रस्ता खोदून नुसती माती लोटून ठेवली होती, आणि आदल्या रात्री अवकाळी सर येऊन गेलेली. काळी माती ती. चाकं रुतली, मागची शेपटी नांगरासारखी आत शिरली. बैलांनी जोर लावला, एक बैल गुडघ्यावर आला. खेमसिंगने शांतपणे जू सोडलं. शेठने त्याला खूप समजावलं, पण त्याचं एकच होतं, तुमच्या तोफेपायी माझ्या बैलाचे पाय मोडणार नाही.

आता काय करायचं? चबुतरा समोर दिसत होता, पताका लागलेल्या. तहसीलदार साहेब घड्याळ बघत होते. घनश्यामशेठ कावराबावरा झाला होता आणि माणूस कावराबावरा झाला की त्याच्या तोंडून जुनंच काहीतरी निघतं. त्याने हात हवेत उडवला आणि म्हणाला, “बघता काय, महारपुऱ्यातून माणसं बोलवा. डोमा, दोर लाव.”

बौद्धपुऱ्याची पाटी लागून दहा वर्षं झाली होती. वस्तीतले लोक तिथेच उभे होते, बाया एका बाजूला, त्यात रुखमाबाई. सगळ्यांनी ऐकलं. शेठलाही स्वतःचं बोलणं ऐकू गेलं असावं, कारण तो लगेच ‘डोमाजी’ म्हणाला. तोवर कोणीतरी जिनिंगमधून जाड दोर आणला होता आणि त्याचं टोक डोमाजीच्या हातात आलंसुद्धा.

डोमाजी दोर धरून उभा राहिला. कित्येक वर्षांनी तो वजनाचा दोर हातात आला आणि हाताने तो ओळखला, बोटं आपोआप गाठीच्या जागी गेली. त्याचीच त्याला लाज वाटली. ओढायची नाही म्हणावं, तर उद्या ही तोफ दुसऱ्या गावाला जाईल आणि भीमराजचं नाव दगडावर कधी लागायचं नाही. ओढावी, तर भीमराजला दिलेला शब्द गेला, आणि तोही कशासाठी, तर जिने कदाचित त्यालाच मारलं तिच्यासाठी. हे मेलेलं ढोरच होतं की नाही? लोखंडाचं असलं म्हणून काय झालं. वस्तीतली तरणी पोरं त्याच्याकडे बघत होती. त्यांना दोर न धरायला त्यानेच शिकवलं होतं. काही ठरेना. त्याचे पाय चिखलात आणि डोकं कुठेच नाही, असं झालं.

लखीराम इतका वेळ चाकाशी वाकून बघत होता. तो उठला आणि सहज म्हणाला, ओढून काही होणार नाही. शेपटीखाली लाकडाची बल्ली घालून चौघांनी ती खांद्यावर उचलायची आणि बाकीच्यांनी चाकं ढकलायची. पलटणीतही अशीच खांद्यावर घेतात.

खांद्यावर. डोमाजीने ते ऐकलं आणि त्याच्या हातातला दोर खाली पडला. त्याने टाकला की सुटला, हे त्याला पुढेही कधी सांगता आलं नाही. तो शेठकडे वळला. आवाज चढला नव्हता, पण सगळा रस्ता ऐकत होता.

“शेठजी, दोर नाई धरत. खांदा देतो. माह्या पोराले खांदा द्याचा राह्यला हाये.” थोडा थांबला. मग म्हणाला, “पण चारी खांदे वस्तीतलेच लागले तं ते तुमचं काम होते. तुमचा एक लागला तं मयत होते.”

बल्ली आणली गेली, शेपटीखालची माती उकरून आत सरकवली. एका टोकाला डोमाजी वाकला, त्याच्या मागे वस्तीतला एक जण. दुसऱ्या टोकाला खेमसिंग आपण होऊन गेला, मुंडाशाची घडी करून खांद्यावर ठेवली. चौथी जागा रिकामी राहिली. घनश्यामशेठने धोतराकडे पाहिलं, तहसीलदारांकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं. त्या माणसाच्या मनात काय चाललं होतं देव जाणे, पण त्याचा चेहरा डोमाजीइतकाच गोंधळलेला होता. मग त्याने चपला काढल्या, कडेला नीट जोडून ठेवल्या, आणि चिखलात उतरला.

शेपटी उचलली. शेठ बुटका, त्यामुळे बल्ली तिरपी झाली आणि जास्तीचं वजन डोमाजीवर आलं. मागून वस्तीतल्या आणि गावातल्या पोरांनी चाकांना हात लावले. तोफ हलली. पावलं चिखलात फसत होती, निघत होती. पुढे कुणीतरी जयजयकाराला तोंड उघडलं, तेवढ्यात शेठच्या तोंडून, धापा टाकता टाकता, आपसूक “राम नाम सत्य है” निघालं. खांद्यावर लाकूड आलं की त्याला तेवढंच ठाऊक होतं. तो लगेच थांबला, जीभ चावली. पण ऐकायचं ते सगळ्यांनी ऐकलं होतं. घोषणा घशातच राहिल्या. एकाने टोपी काढली, मग दुसऱ्याने. वस्तीतल्या एका म्हाताऱ्याने हलक्या आवाजात ‘बुद्धं सरणं गच्छामि’ सुरू केलं. खेमसिंग त्याच्या बोलीत काहीतरी पुटपुटत होता. दुश्मनाची तोफ, शेठचा राम, म्हाताऱ्याचा बुद्ध, खेमसिंगचा कोण देव तो, आणि मध्ये भीमराज, जो इथे नव्हताच. डोमाजीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हे कुणासाठी, ते त्याला स्वतःलाच कळत नव्हतं. खांदा मात्र त्याने काढला नाही, कोणी बदली द्यायला आलं तरी.

तोफ चबुतऱ्यावर चढली. लखीरामने सही घेतली, पुन्हा एकदा डोमाजीला सलाम केला आणि यष्टीची वेळ विचारत निघून गेला. शेठचं धोतर गुडघ्यापर्यंत काळं झालं होतं. तो डोमाजीजवळ आला, उद्या हार घालायला लवकर या म्हणाला, या वेळी ‘जी’च्या आधी न थांबता. डोमाजीने हो म्हटलं की नाही, दोघांच्याही लक्षात आलं नाही. त्याने गर्दीत रुखमाबाईला शोधलं. ती नव्हती. ती कधीच निघून गेली होती.

आता मात्र तिला सांगावंच लागणार होतं. घराकडे जाताना त्याने मनात शब्द जुळवून पाहिले, जुळेनात. ती तोफ आपली नाही, तिच्या मागून कोणी येणार नाही, एवढंच तर सांगायचं. दिवेलागण व्हायला आली होती. अंगण स्वच्छ झाडलेलं होतं. दारात रुखमाबाई उभी होती, आणि उंबऱ्याच्या बाहेर पाण्याने भरलेली बादली, त्यावर कडूनिंबाची डहाळी.

डोमाजी जागीच थबकला. मयतीहून आल्यावर पाय धुवायचे, निंबाचा पाला चावायचा, मगच घरात यायचं, ही जुनी रीत. छप्पननंतर त्यानेच ती वस्तीतून बंद करवली होती, सभेत उभं राहून.

“आत नका येऊ,” ती म्हणाली. “आंधी पाय धुवा.”

“भीमराजची माय,” त्याने कसंबसं तोंड उघडलं, “ते तोफ त्याची नोती. पलीकडच्याईची होती.”

“मालूम हाये मले. तुमी त्या शिपायासंगं बोलून राह्यले होते तवाच समजलं. तुमचं तोंड पाह्यलं म्या.” तिने तांब्याभर पाणी त्याच्या पायांवर ओतलं. चिखल सुटून अंगणात पसरला. “खांदा तं तुमीच देल्ला ना?”

“व्हय.”

“शेवटपर्यंत?”

“व्हय.”

“मंग झालं,” रुखमाबाई म्हणाली. तिने डहाळीची चार पानं तोडली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. मग तांब्या खाली ठेवून ती उंबऱ्यावर बसली आणि तार आल्यापासून पहिल्यांदा, मोठ्याने, भीमराजचं नाव घेऊन रडू लागली. शेजारच्या बाया धावत आल्या. भंतेजींना बोलवा, ती त्यांना म्हणाली, यवतमाळले माणूस पाठवा.

डोमाजीने पानं तोंडात टाकली. सुतक नक्की कोणाचं, पोराचं की त्या लोखंडाचं, हे त्याला विचारायचं होतं, पण विचारणार कोणाला? तो ओल्या पायांनी दारात तसाच उभा राहिला. तोंडात निंब कडू होत चालला होता आणि तो थुंकायचा असतो की गिळायचा, हे काही केल्या त्याला आठवेना.